दोघांनी पाहिलेला पक्षी

चंद्रभान थूल आमच्या पक्षिनिरीक्षक मंडळात आले ते १९९३ च्या हिवाळ्यात. पुलगावच्या दारूगोळा भांडारातील भांडारपालाच्या नोकरीतून ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि बोरगाव मेघे येथे दोन खोल्यांचे घर बांधून राहात होते. पहिल्या सहलीला ते इस्त्रीचा सदरा घालून आणि गळ्यात जुनी, जड दुर्बीण अडकवून वेळेआधीच येऊन उभे राहिले, तेव्हाच हा मनुष्य आपल्याला शिस्त लावणार, अशी शंका मला आली होती. ती खरी ठरली.

मंडळाचा एक प्रघात होता. सहल संपली की बाभळीच्या सावलीत सतरंजी अंथरायची, डबे उघडायचे आणि पक्ष्यांची हजेरी घ्यायची. एकाने नाव पुकारायचे. ज्याने तो पक्षी पाहिला असेल त्याने ‘हजर’ म्हणायचे. त्या दिवशी रिधोऱ्याच्या जलाशयावर हजेरी चालू असताना चंद्रभानजींनी पोह्यांचा घास हातातच थांबवून विचारले, “एकाच माणसानं पाहिला असेल, तर तो पक्षी यादीत धरायचा कसा?”

“म्हणजे?” भैयाजींनी विचारले. भैयाजींचे वर्ध्यात भांड्यांचे दुकान होते आणि सहलीची जीपही त्यांचीच असे.

“आमच्याकडं प्रत्येक पेटी दोघांनी उघडून पाहावी लागे. एकाची नजर म्हणजे नुसता अंदाज.”

“थूलसाहेब, बदक काही फुटत नाही!”

“फुटत नाही, पण उडतं,” चंद्रभानजी म्हणाले. “मग विचारणार कोणाला?”

सगळे हसले, परंतु त्या दिवसापासून दोन साक्षींवाचून पक्षी धरायचा नाही, असा नियम झाला आणि हजेरी पुकारण्याचे काम आपोआप त्यांच्याकडे गेले. त्यांचा आवाज खणखणीत होता. ‘तलवार बदक’ असे ते पुकारीत तेव्हा पलीकडच्या काठावरची बदके मान वर करीत, असे भैयाजी सर्वांना सांगत.

पुढील आठ-नऊ वर्षे ऋतूंप्रमाणे आमचे रविवार ठरलेले असत. थंडीत रिधोरा आणि बोरचे जलाशय. तेथे उत्तरेकडून आलेली बदके, पट्टकादंब आणि चक्रवाक. पळस फुलू लागला की ढग्याच्या जंगलात आटत चाललेले पाणवठे. पावसाळ्याच्या तोंडी नवरंग येई आणि श्रावणात विहिरींवर वाकलेल्या बाभळींवर सुगरणींची घरटी झुलू लागत. चंद्रभानजींच्या पत्नी देवकाबाई मात्र या सर्वांपासून दूर होत्या. “पाखरं आंगनातबी येते. त्यायच्यासाठी डिझेल काऊन जाळता?” असा त्यांचा मंडळाला कायमचा सवाल होता. दर रविवारी पहाटे उठून त्या नवऱ्याच्या डब्यात ज्वारीची भाकर आणि झुणका बांधून देत, आणि डबा हातात ठेवताना हा सवाल पुन्हा एकदा करीत.

२००० च्या सुमारास चंद्रभानजींच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू असल्याचे निदान झाले. जी नजर गेली ती परत येणार नाही, उरलेली तेवढी थेंब घालून राखायची, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. चंद्रभानजींनी हे आम्हांला सांगितले नाही. आम्ही ते हळूहळू ओळखले. बांधावर चालताना ते काठी टेकू लागले. दुर्बीण डोळ्यांना लावून फार वेळ स्तब्ध राहू लागले. आणि हजेरीत त्यांचे स्वतःचे ‘हजर’ कमी कमी होत गेले.

२००२ च्या जानेवारीत रिधोऱ्यास व्हायचे ते झाले. काठापासून बऱ्याच अंतरावर दोन तांबूस आकृती पाण्यावर तरंगत होत्या. चंद्रभानजींचा चेहरा उजळला. “चक्रवाक! जोडी आहे.” ती जोडी नव्हती. ढिवरांनी जाळे टाकले होते आणि त्याला बांधलेले वाळके भोपळे उन्हात तांबूस दिसत होते. आम्ही सर्वांनी ते ओळखले आणि सर्वच गप्प राहिलो. हजेरीच्या वेळी त्यांनी “चक्रवाक” असे पुकारून स्वतःच “हजर” म्हटले आणि दुसऱ्या साक्षीसाठी थांबले. त्यांचे ते थांबणे भैयाजींना सोसवले नाही.

“हजर,” भैयाजी म्हणाले.

दुर्दैवाने त्याच वेळी ढिवर डोंग्यातून आला आणि जाळे ओढू लागला. भोपळे एकमेकांवर आपटल्याचा पोकळ आवाज पाण्यावरून स्पष्ट ऐकू आला. चंद्रभानजींना दिसत कमी होते. ऐकू उत्तम येत होते. ते त्या दिशेला वळले आणि शांतपणे म्हणाले, “माझी चूक झाली, ती डोळ्यांची. पण भैयाजी, तुम्ही पेटी न उघडता सही केली.”

“अहो, मी आपलं… मनात काही नव्हतं, थूलसाहेब.”

“ठाऊक आहे मला. म्हणूनच जास्त लागलं.”

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही नाही. आम्ही घरी जात असू. ते चहा पाजीत, ‘नवरंग आला का’ असे विचारीत, आणि चला म्हटले की म्हणत, “ज्याची साक्ष चालत नाही त्यानं तिथं बसून काय करायचं? माझ्यासाठी कोणाला खोटं बोलावं लागू नये.” भैयाजी त्या घराच्या फाटकापर्यंत येत आणि जीपमध्येच बसून राहात.

थंडी पडू लागली तेव्हा एका सकाळी देवकाबाई माझ्याकडे आल्या. शालीत हात गुंडाळून, खुर्चीच्या कडेवर बसत त्या म्हणाल्या, “सर, हे मानूस दिवसभर भित्तीकडं तोंड करून बसून राहाते. धा वर्सं मी मनात म्हटलं का हा मानूस घरी बसला पाहिजे. आता बसला तं मलेच पाहावत नाई. येत्या रविवारी मी घेऊन येतो त्याले.”

“ते येतील?”

“येईन नाई तं जाईन कुठं? डबा कोन बांधते?”

अशा रीतीने ती दोघे बोर धरणावर आली. चंद्रभानजींना बांधावरून चालणे जमण्यासारखे नव्हते, म्हणून ती सांडव्याजवळ बसली आणि आम्ही बदकांसाठी पलीकडच्या उथळ पाण्याकडे गेलो. सांडव्याजवळ आमच्यामागे जे घडले ते दोघांनीही मला नंतर स्वतंत्रपणे सांगितले आणि दोन्ही वृत्तांत जुळले, म्हणून येथे देतो.

“घार आली पाहा,” देवकाबाई म्हणाल्या. “पन घारीवानी घार नोहे. पोट कसं धुतल्या धोतरासारखं पांढरं. अन् डोळ्यावरून काजळाची पट्टी ओढली हाये.”

चंद्रभानजी ताठ झाले. “शेपटी चिरलेली आहे का?”

“नाई. सरळ कापली हाये… अवो, पाय खाली सोडले तिनं! गेली पान्यात! बुडली वाटते… नाई, निंगाली. मासोळी हाये पायात!”

“मासोळी कशी धरली? आडवी?”

“आडवी काऊन धरन? तोंड समोर करून. आपन लेकराले सायकलच्या दांडीवर बसवतो ना, तशी.”

“मीनखाई घार,” चंद्रभानजी म्हणाले. हा पक्षी आमच्या मंडळाला इतक्या वर्षांत एकदाही दिसला नव्हता.

हजेरीला सतरंजीवर पुकारण्याचे काम त्यांनी पुन्हा घेतले. पुकारणाऱ्याने पाहिलेले असलेच पाहिजे असे बंधन नव्हते, आणि नावे तर त्यांना मुखोद्गत होती. शेवटी त्यांनी पुकारले, “मीनखाई घार.”

“हजर!” देवकाबाई गरजल्या.

“दुसरं कोणी?”

कोणी नव्हते.

“एकच साक्ष. धरता येत नाही.”

“धरता येत नाई म्हंजे? मी लबाड बोलून राह्यली काय?”

“लबाड म्हटलं नाही. एकच साक्ष म्हटलं.”

“अन् तुम्ही? तुम्हीच तं नाव सांगतलं!”

“नाव मी सांगितलं. पाहिलं तू.”

प्राणिशास्त्र शिकवणारी आमची तरुण सभासद प्रेरणा मध्ये पडली. “काका, मासा तोंड समोर करून धरला, हे न पाहता कोणी सांगूच शकणार नाही. मी मानते.”

“मानणं वेगळं आणि पाहणं वेगळं, बाई.”

भैयाजी आपल्या ताटलीकडे पाहात होते. मऊ मनाने त्यांना पुन्हा एकदा ‘हजर’ म्हणायला लावले असते. परंतु ते बोलले नाहीत. चंद्रभानजींनी त्यांच्या दिशेला कान देऊन ती शांतता ऐकली, असे मला वाटले.

देवकाबाईंनी डब्याचे झाकण दाणकन् लावले. “पुढच्या रविवारी मी येतो. दोघायले दाखवल्याबिगर राहात नाई ती घार. अन् तुम्हीबी याल. मले नावं कोन सांगन?”

चंद्रभानजींना परत आणण्यासाठी आम्ही वर्षभर केलेल्या विनवण्या ज्यापुढे फिक्या पडाव्यात, असे ते वाक्य होते. आता त्यांना येणे भागच होते. त्यांच्यासाठी कोणाला खोटे बोलावे लागत नव्हते; उलट, एका खऱ्या साक्षीला त्यांची गरज होती.

त्या हिवाळ्यात घार पुन्हा दिसली नाही. उन्हाळ्यात ती येथे नसते असे कळल्यावर देवकाबाई पतीवरच रागावल्या, जणू त्यांनीच तिला सुट्टी दिली होती. तरीही रविवार चुकला नाही. ढग्याच्या जंगलात चंद्रभानजी कान देऊन म्हणत, “डावीकडं, खाली, पाचोळ्यात. शीळ ऐक,” आणि देवकाबाई त्या दिशेला वाकून पाहात. नवरंग दिसला तेव्हा त्या म्हणाल्या, “नऊ रंग म्हनता, मले तं सातच दिसले.” “दोन तुझ्याकडं पाठ करून असतील,” असे उत्तर मिळाले. केवळ ऐकलेल्या पक्ष्याला चंद्रभानजी स्वतः कधीही ‘हजर’ म्हणाले नाहीत. तेवढा नियम त्यांनी स्वतःवरच अधिक कडक केला.

२००३ च्या डिसेंबरात आम्ही पुन्हा बोरला होतो. बांधाच्या मध्यावर असताना सांडव्याकडून हाक आली, “अवो भैयाजी! ते पाहा! धावा!”

भैयाजींचे शरीर धावण्याच्या कामाचे नव्हते. तरीही ते धावले. एक चप्पल दगडात अडकून राहिली, ती त्यांनी तशीच सोडली. सांडव्याच्या कठड्याला धरून, धापा टाकीत त्यांनी दुर्बीण वर केली आणि पाण्यावरून दूर जाणारा तो पक्षी पलीकडच्या वाळक्या झाडावर बसेपर्यंत खाली घेतली नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा तो उडून गेला होता.

सतरंजीवर चंद्रभानजींनी बाकीची नावे नेहमीच्या क्रमाने पुकारली. घाई केली नाही. मग म्हणाले, “मीनखाई घार.”

“हजर,” देवकाबाई म्हणाल्या. या वेळी हळू.

“दुसरं कोणी?”

“हजर,” भैयाजी म्हणाले. नंतर, कोणी विचारले नसतानाही, त्यांनी पुढे सांगितले, “थूलसाहेब, पेटी उघडून पाहिली. मासा पायात होता. तोंड समोर.”

चंद्रभानजींनी हात पुढे केला. तो भैयाजींच्या खांद्याऐवजी थर्मासला लागला. भैयाजींनी तो धरून आपल्या खांद्यावर ठेवला.

“धरली,” चंद्रभानजी म्हणाले.

“अन् मांगच्या सालची?” देवकाबाईंनी विचारले. “तेबी धरा आता.”

“ती नाही धरता येत. तेव्हा एकच साक्ष होती.”

“हे मानूस सुधरत नाई,” देवकाबाई आम्हांला म्हणाल्या, आणि चंद्रभानजींचा पेला चहाने काठोकाठ भरून, त्यांची बोटे धरून त्याभोवती नीट बसवून दिली.