कमरेक लागलेला माकड

मेस्तकाका कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघत. बांद्याहून लग्न होऊन मी मालवणात आले आणि शाळेत चित्रकला शिकवू लागले, त्याच वर्षी ते पहिल्यांदा आमच्या घरी आले. चहा संपल्यावर त्यांनी कप पालथा केला, बुडाची कड अंगठ्याने चाचपली, मग बशीही तशीच बघितली आणि म्हणाले, "बाईनू, कप बरो आसा. बशी दुसऱ्या जोडातली." जोड मोडल्याची गोष्ट मी सासूबाईंपासून मोठ्या शिताफीने लपवली होती. सासूबाई समोरच बसल्या होत्या.

हा माणूस मला तेव्हापासूनच आवडला असं म्हटलं तर ते खोटं होईल. दोन दिवस मी रागातच होते.

ते आले होते पत्र लिहून घ्यायला. आमच्या शेजारच्या मांगरात, एका साध्या छपराखाली, त्यांचं सुतारकाम चाले. होड्या, पाट, देव्हारे, जे येईल ते. शाळा चौथीत सुटलेली. वाचता चांगलं येई, पण आपलं अक्षर मुंबईला धाडायची त्यांना लाज वाटे. "माझा बोलणा तुमी शुद्ध करून लिवा," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि पुढची बारा-तेरा वर्षं मी ते करत राहिले. पत्रं जात गिरगावातल्या एका डॉक्टरांना. डॉक्टरांना नाद होता जपानी नेत्सुके जमवण्याचा.

नेत्सुके म्हणजे काय ते मलाही काकांनीच शिकवलं. जुन्या जपानी पेहरावाला खिसे नसत. तंबाखूची पिशवी किंवा औषधाची डबी दोरीला बांधायची, दोरी कमरपट्ट्याखालून वर काढायची आणि ती निसटू नये म्हणून वरच्या टोकाला सुपारीएवढी कोरीव गुंडी अडकवायची. ती गुंडी म्हणजे नेत्सुके. कुणाची हस्तिदंताची, कुणाची लाकडाची. उंदीर, बेडूक, झोपलेला म्हातारा, काय वाटेल ते त्यावर कोरलेलं. पुढे जपानी माणूस कोट-पाटलोण घालू लागला, खिसे आले आणि गुंडीचं काम संपलं. मग तशाच दिसणाऱ्या नव्या गुंड्या खलाशांना विकण्यासाठी होऊ लागल्या. आमच्या किनाऱ्यावर घरटी एक माणूस बोटीवर, त्यामुळे देवबागेपासून वेंगुर्ल्यापर्यंत कितीतरी पेट्यांच्या तळाशी अशी एखादी 'जपानी गुंडी' सापडे. तिच्यातली जुनी कुठली आणि खलाशाच्या गळ्यात मारलेली कुठली, हे सांगणारा माणूस आख्ख्या मुलखात एकच होता.

काका वीस वर्षं मालवाहू बोटींवर मिस्त्री होते. लढाईच्या आधी एकदा त्यांची बोट जपानच्या कोबे बंदरात दुरुस्तीला चार महिने अडकली. बंदरामागच्या गल्लीत एक म्हातारा कोरक्या बसे. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती. म्हातारा काकांच्या तळहातावर दोन गुंड्या ठेवी आणि जुनी उचलायची खूण करी. चुकीची उचलली की तीच परत हातात ठेवी आणि आपल्या कामाला लागे. चूक काय झाली ते काकांनीच शोधायचं. दोरीसाठी दोन भोकं असतात, त्यातलं एक मोठं, कारण गाठ त्यात लपायला हवी. कुठेही टोक वर आलेलं नसतं, नाहीतर कपड्यात अडकेल. आणि खालची बाजू, जी कधी कुणाला दिसणार नाही, तीही वरच्याइतक्याच मन लावून कोरलेली असते. खालची बाजू बघायची खोड तिथली. काकी म्हणत, "हेंका बांगडो वाढलो तरी परतून बघतत."

लोक विचारत, "मेस्तांनू, ह्या खरा काय खोटा?" या प्रश्नाची त्यांना चीड होती. "खरा-खोटा माका ईचारू नको. कमरेक लागलेला काय, इतक्याच ईचार." म्हणजे ती गुंडी कुणाच्या तरी कमरेला वर्षानुवर्षं घासली आहे का. घासलेली असली तर पाठ सपाट गुळगुळीत होते, आणि दोरीने भोकाची कड एकाच अंगाला खाल्लेली असते. वरून रंग फासून जुनेपणा आणलेला असला तर तो सगळीकडे सारखा दिसतो. "माणूस काय सगळीकडसून सारखो झिजता?" असं ते विचारत आणि आपलं वाकलेलं उजवं मनगट दाखवत.

गावातल्या एका निवृत्त अंमलदारांनी काचेच्या कपाटात हस्तिदंताची गुंडी म्हणून एक पांढराशुभ्र भिक्षू ठेवला होता. मोठ्या कौतुकाने त्यांनी काकांना बोलावलं. काकांनी सुई मागितली, निखाऱ्यावर तापवली आणि भिक्षूच्या बुडाला टेकवली. खोलीभर कापराचा वास सुटला. काका म्हणाले, हे सेल्युलॉइड, ज्याची फणी करतात तेच. अंमलदारांनी पुढे वर्षभर त्यांच्याकडे काम दिलं नाही. मी म्हटलं, थोडं गोड बोलला असता तर काय बिघडलं असतं. त्यावर ते म्हणाले की गोड बोलून त्या भिक्षूचा हत्ती झाला नसता.

मग ते कासव आलं.

देवबागच्या तारावैनी होडीतून ते घेऊन आल्या. त्यांचे यजमान काकांबरोबर बोटीवर होते आणि दोन वर्षांपूर्वी वारले होते. थोरल्या मुलाला स्वतःची होडी हवी होती. दुसऱ्याच्या होडीवर जाळं ओढून तो कंटाळला होता. घरात विकण्यासारखं काय, तर यजमानांनी कोबेहून आणलेलं हे हस्तिदंताचं कासव. काकांनी ते दोन दिवस ठेवून घेतलं. पोट सपाट झालेलं, भोकाची कड एका बाजूला छान खाल्लेली, रंग मधासारखा. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पत्र सांगितलं, आणि मी ते नेहमीप्रमाणे शुद्ध केलं: 'हे निःसंशय जुने असून दीर्घकाळ वापरातले आहे.' डॉक्टरांनी आनंदाने कासव घेतलं. देवबागची होडी काकांनीच आपल्या मांगरासमोर बांधायला घेतली.

होडीच्या फळ्या अर्ध्यावर आल्या असताना तारावैनींच्या मुलीला मुलगा झाला. बारशाला काका, काकी आणि मी देवबागेला गेलो. पाळण्यातल्या बाळाच्या कमरेला काळा करगोटा होता. तारावैनी बाळाकडे बघत सहज म्हणाल्या, "आज ता कासव आसता तर हेच्या कमरेक बांधलेला आसता. माझी चारय पोरां तेच्यावरच वाढली. बापूस बोटीर, तेचा काय तरी पोरांच्या आंगावर ऱ्हवाक होया मा?"

काकांचा हात ताटातच राहिला. त्यांनी हळू आवाजात एकेक गोष्ट विचारून घेतली. थोरल्याच्या कमरेला ते कधी बांधलं? बारशालाच. किती वर्षं होतं? शाळेत जाईपर्यंत, मग पुढच्याच्या कमरेला. आंघोळ घालताना काढत होता? नाही, करगोटा कोण काढतो. रांगताना पोर पोटावर असे तेव्हा कासव खाली घासे का? म्हणजे काय, मातीत, वाळूत, सगळीकडे.

वीस वर्षं. कासव कमरेला लागलेलं होतंच, पण जपान्याच्या नव्हे.

आम्ही होडीने परत निघालो. बंदरावर उतरल्यावर काका म्हणाले, "बाईनू, उद्या पत्र लिवचा आसा." मी समजावून पाहिलं. कासव आधीही जुनं असू शकेल, त्यावर मुलांची झीज चढली असेल, आणि डॉक्टरांना हे कधीच कळणार नाही. वर त्या घरची होडी अर्धी झालेली.

"आसात जुना," काका म्हणाले. "पण ता माका म्हायत नाय. म्हायत नाय ता म्हायत आसा म्हणान मी तुमच्याकडसून लिवन घेतलंय. चूक ती."

तारावैनींना कळलं तेव्हा त्या तणतणत मांगरात आल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. डॉक्टर खूश आहे, मुलगा खूश आहे, मग तुमच्या एका शब्दासाठी माझ्या पोराच्या पायाखालची होडी का काढता? काकांनी रंधा खाली ठेवला. डॉक्टरांनी कासव परत धाडलं तरी होडी पाण्यात जाईल, एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा रंधा मारू लागले. पत्र गेलं.

डॉक्टरांचं उत्तर फार सभ्य होतं. त्यांनी कासव आणखी दोघा जाणकारांना दाखवलं होतं, दोघांनीही ते जुनंच ठरवलं होतं. लहान मुलांच्या अंगावर एवढी झीज होणं शक्य नाही. मेस्तांचा विनय त्यांना ठाऊक आहे, पण त्यांची पहिली नजरच बरोबर होती. सबब कासव आपण ठेवून घेत आहोत. हे ऐकून तारावैनींनी देवाला नारळ दिला, होडी पावसाळ्यानंतर पाण्यात गेली, आणि सगळं सुरळीत झालं असं आम्हा सर्वांना वाटलं.

काकांना वाटलं नाही. विनय म्हणतात म्हणून त्यांना सगळ्यात जास्त राग आला. महिन्याभराने त्यांनी एक हस्तिदंती माकड माझ्यासमोर ठेवलं. मुंबईच्या बोटीवरून उतरलेल्या एका खलाशाकडून मिळालेलं, अगदी नवं, खडूसारखं पांढरं. फळ कवटाळून बसलेलं, कोपर टोकदार, भोकांच्या कडा पात्यासारख्या. म्हणाले, "हेची चारय बाजूनी चित्रां काढा. खालसून पण. आणि खाली तारीख घाला." मी काढली. त्यांनी ते माकड करगोट्यात ओवलं, सदरा वर करून कमरेला बांधलं आणि कामाला गेले.

दर पाडव्याला ते येत, माकड सोडून माझ्या टेबलावर ठेवत, आणि मी नवी चित्रं काढी. पहिल्या वर्षी काहीच फरक नव्हता. दुसऱ्या वर्षी कोपराचं टोक बोथट झालं. मग पाठीवरचे केस पुसट होऊ लागले. ते माकड फळ्या तासताना घामात भिजलं, होडी लोटताना खाऱ्या पाण्यात गेलं. गावाला चेष्टेला विषय मिळाला. बंदरावरचे लोक विचारत, मेस्तांनू, माकडाक जेवण काय घालतास? काकी म्हणत, ह्या वयात करगोट्याला खेळणं बांधणारा एवढाच एक नवरा असेल. कुणी जुनी गुंडी घेऊन आलं तर काका ती बघत, उलटी करत आणि परत देत. "अजून माका कळूचा आसा," म्हणत. ज्या नजरेसाठी लोक त्यांना मानत, ती त्यांनी इतकी वर्षं अशी बाजूला ठेवली होती. मला याचं वाईट वाटे. एकदा तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चित्राकडे वळले.

आठव्या पाडव्याला ते काठी टेकत आले. छातीत कफ होता, अंग उतरलं होतं. मी माकड हातात घेतलं आणि पहिल्या वर्षीचं चित्र शेजारी ठेवलं. पाठ सपाट गुळगुळीत झाली होती. भोकाची कड एका अंगाला खाल्लेली. रंग मधासारखा. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले. काकांनी बराच वेळ ते उलटसुलट केलं आणि म्हणाले, "अजून दोन वर्सां होयी." मग जाताना दारात थांबून त्यांनी मला पुढचं सगळं बजावलं. "मी नसलंय तर आधी माकड धाडा. काय एक सांगा नको, फकत ईचारा. चित्रां मागसून."

दोन वर्षं त्यांना मिळाली नाहीत. त्याच पावसाळ्यात ते गेले. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा करगोटा तोडतात. बाराव्यानंतर काकी आल्या आणि फडक्यात बांधलेलं माकड त्यांनी माझ्या हातात ठेवलं. मला रडू आलं. काकी रडल्या नाहीत. म्हणाल्या, तेनी सांगलेला तसा करा.

मी माकड रजिस्टर टपालाने धाडलं. बरोबर मेस्तांच्या नावाने एकच ओळ: आपले मत कळवावे. ते गेल्याचं लिहिलं नाही. तशी आज्ञाच होती, तरी पेटीत पत्र टाकताना मला अपराध्यासारखं वाटलं. तीन आठवड्यांनी मेस्तकाकांच्या नावे डॉक्टरांचं पत्र आलं. मी ते मांगरात बसून काकींना वाचून दाखवलं. माकड उत्तम आहे, निदान शंभर वर्षांचं असावं, पाठीवरची आणि दोरीच्या भोकाची झीज पाहता ते दीर्घकाळ कुणाच्या तरी कमरेला होतं यात शंका नाही, आपणास हे कुठे मिळालं?



"शंभर खंयची," काकी म्हणाल्या. "आठ वर्सां. ता माझ्या कुशीक टोची. टोचूचा थांबला, ता माका तेंच्या आधी कळला. पण टोचता म्हणान तेंका कधी सांगूक नाय. सांगलंय आसतंय तर सोडून ठेवलानी आसता."

मी त्या दिवशी डॉक्टरांना चित्रांचे नऊच्या नऊ संच धाडले, तारखांसकट. काका गेल्याचं कळवलं. कासवाची गोष्ट पुन्हा लिहिली. आणि शेवटी काकींचं बोलणं घातलं. इतकी वर्षं काकांचं प्रत्येक वाक्य मी शुद्ध करून लिहिलं होतं. हे मात्र त्या बोलल्या तसंच लिहिलं, एक अक्षर बदललं नाही.

माकड परत आलं, बरोबर एक कार्ड. डॉक्टरांनी लिहिलं होतं: 'कासव जुन्यांच्या कपाटातून काढले आहे. मेस्तांचेच बरोबर होते.' मी ते काकींना दोनदा वाचून दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि मागची बाजू बराच वेळ बघत राहिल्या.