खोका ठेवून गेलेला चोर

एकोणीसशे पंच्याऐंशीचा उन्हाळा, नागपूरच्या एका ठाण्यातली सकाळ. हजर: ठाणे अंमलदार म्हणून बसलेले हवालदार, दोन शिपाई, मी फौजदार, आणि मांडीवर खोका घेऊन बाकावर बसलेला एक फिर्यादी. नोकरीत हजेऱ्या पुष्कळ घेतल्या. ही एकच मनातून जात नाही.

फिर्यादी विणकरांच्या घरातला थोरला मुलगा. कुवेतला वायरमन म्हणून राबून आलेला. येताना त्याने सोने आणले नव्हते, टीव्हीला जोडून खेळायचे तीन व्हिडिओ गेम आणले होते. ते विकून दुरुस्तीचे दुकान टाकायचे, हा त्याचा बेत. धरमपेठेतले एक डॉक्टर असे खेळ जमवत. ते तिन्ही घेणार होते, अट एकच: खोका उघडलेला नको. डॉक्टर बघायला आले, थोरल्याने खोके काढले आणि एक हातात हलका लागला. तळाची चिकटपट्टी अलगद सोडवून पुन्हा लावलेली, आत यंत्राच्या जागी घडी केलेली जुनी साडी. डॉक्टर उठले आणि तिन्ही खोके तसेच ठेवून निघून गेले.

मी विचारले, "खोक्याशिवाय खेळाचे किती येतात?"

"निम्मेबी नाई, साहेब. शौकीन मानूस आधी खोका पाह्यते, मंग खेळ."

"मग चोराने खोका का सोडला?"

मी साडी उलगडली. नऊवारी, धुऊन धुऊन मऊ झालेली. "ही कोणाची?"

त्याने मान फिरवली. "घरातलीच असन. तुमी फिर्याद लिहा."

"घरचं माणूस निघालं तर? एकदा गुन्हा दाखल झाला की तुमच्या हातात काही राहणार नाही."

"लिहा म्हनतो ना! तिकडची वाळू खाल्ली म्या या डब्यांसाठी."

लिहून घेतली. राहत्या घरातली चोरी, आरोपी अज्ञात. पण तो अज्ञात कोण, हे त्या बाकावरच्या माणसाला साडी पाहताच कळले होते. मलाही अंदाज आला होता.

सीताबर्डीतल्या जुन्या मालाच्या दुकानदारांना निरोप गेले. तिथून काही आले नाही. खबर आली टीव्ही मेकॅनिककडून. आमचा जुना माणूस, बोलण्यात मिस्कील.

"साहेब, खाप्याले एका घरी टीव्हीले गेम जोडून आलो. खेळणारा कोन, इचारा."

"कोण?"

"म्हातारी! अन् असी खेळते, की मले म्हने, सरक बाजूले, दिसत नाई."

फिर्यादीची बहीण खाप्याला दिलेली होती. म्हातारी म्हणजे त्या दोघांची आई; तिला तिथे नेणाऱ्या धाकट्या भावाला ठाण्यात बोलावले. तो अजून घरच्या मागावर बसत असे, मागणी उरली नव्हती तरी. हवालदारांनी सुरुवात केली, "काहून गा, भावाचाच माल?"

"नेला, साहेब. इकाले नाई नेला."

"केवढ्याचा आहे, माहीत आहे?" मी विचारले.

"नाई जी."

माझा अनुभव असा की चोर मालाची किंमत कमी सांगतो, फिर्यादी जास्त सांगतो. याला किंमतच ठाऊक नव्हती.

मग त्याने सांगितले. त्यांच्या आईच्या उजव्या अंगावरून वारा गेला होता. जन्मभर चरखा फिरवून मागासाठी कांड्या भरणारी बाई, तिची बोटे मिटत चालली होती. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, बोटे हलती ठेवा. मातीचा गोळा दिला, तिने फेकला. रबराचा चेंडू दिला, तोही फेकला. कुवेतहून आल्या आल्या थोरल्याने आईला एका टीव्हीच्या दुकानात नेऊन तिथला नमुन्याचा खेळ एकदा दाखवला होता. खेळाला एक गोल खटका असतो, तो फिरवला की पडद्यावरची फळी खालीवर होते.

"मायनं तो खटका धरला, साहेब. चरख्यावानी. बोटं हालली तिची. दादाले म्हनलं, एक खोका उघड. तो म्हने, उघडला की भंगार."

"मग?"

"मंग काय. मायले घेऊन खाप्याले बाईकडे गेलो, बहिनीकडे. तिच्या घरी टीव्ही हाय."

दोन पंच घेऊन आम्ही खाप्याला गेलो. म्हातारी टीव्हीसमोर बसलेली, उजव्या हातात खटका. मी पुढे झालो.

"थांब ना गा बापा, हा डाव होऊ दे!"

आम्ही थांबलो. पडद्यावर पांढरा ठिपका या फळीवरून त्या फळीवर उडत होता. हवालदार माझ्यामागून हळूच म्हणाले, "खाली घ्या, माय, खाली!" शेवटी ठिपका निसटला. तिने खटका स्वतःहून माझ्या हातात दिला. पंचनामा झाला, यंत्र कापडात गुंडाळून लाखेचे सील लावले.

"परत कवा आनशीन?"

"कोर्टाचं काम झालं की."

तिने उजवा हात मांडीवर ठेवला. "बोटं थांबतीन का गा तवरोक?"

मी सील वाळल्याचे पाहिले आणि यंत्र हवालदारांकडे दिले.

दुसऱ्या दिवशी, धाकटा अटकेत असताना, थोरला आला. आईला भेटून आला होता. "साहेब, फाडून टाका ते फिर्याद. मीच देतो तिले खेळ." आता तसे करता येत नव्हते. राहते घर, म्हणून गुन्हा आपसात मिटण्यासारखा नाही. कोर्टाकडून माल सुपूर्तनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायला, मिळाला असता, पण अट तीच: आहे तसा, सील न तोडता. म्हणजे कायद्यालाही खोका बंदच हवा होता. उरलेल्या दोन खोक्यांतला एक त्याने स्वतः फाडला आणि खाप्याला नेला. आईने खटक्याला हात लावला नाही. "लेकराले सोडव आधी," एवढेच म्हणाली.

खटला उभा राहीपर्यंत तिची मूठ पुरती मिटली होती. थोरला कोर्टात फिरला. यंत्र मीच भावाला दिले होते, म्हणाला. धाकटा सुटला. निकालाच्या आधीच आई गेली. धाकटा माग विकून उमरेडला निघून गेला.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली आणि पुढे मी ती पाळली. घरातली चोरी असेल तर फिर्यादीला आधी पाणी द्यावे, घरी पाठवावे, संध्याकाळी पुन्हा बोलवावे. बरेचसे परत येत नाहीत. ते न येणे चांगले.

आता रंगीत, नवे खेळ आले आहेत. फळी-ठिपक्याचा खेळ कोणी विचारत नाही, शौकीन सोडून. मध्यंतरी तेच डॉक्टर भेटले. म्हणाले, जुना झाला की शौकिनाला जास्त हवा. खोका आणि यंत्र एकत्र मिळाले तर आजही घेईन. खोका थोरल्याकडे आहे, आत ती साडी. यंत्र कोर्टाच्या मालखान्यात, सीलसकट. थोरला म्हणतो, ते धाकट्याचे. धाकटा म्हणतो, ते दादाचे. दोघांपैकी एकाने सही केल्याशिवाय ते सुटत नाही.

सकाळी कामे लिहून काढायची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. आजच्या यादीत वीजबिल आहे, चष्मा आहे, आणि सगळ्यात वर, रोजच्यासारखेच: उमरेडला जाऊन धाकट्याला थोरल्याकडे घेऊन येणे.