साडेसातचा डबा

आमच्या घरात घड्याळ होतं भिंतीवर, पण जेवणं चालायची धाटावच्या शिफ्टवर. नवरा तिथल्या केमिकल कंपनीत. फर्स्टला असला की रात्रीचं जेवण लवकर. सेकंडला असला की तो रोह्याला घरी पोचेस्तोवर अर्धी रात्र. सासूबाई पेणकडच्या, मिठागरवाल्यांच्या घरातल्या. घरचा माणूस कामावर असताना ताट वाढून घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. तो मोठ्यांपुरता असता तर मी बोललेच नसते. पण आमची तिसरीतली पोरगी आजीच्या वरताण. पप्पा येईपर्यंत भाताला शिवायची नाही. वाट बघता बघता फरसाण, बिस्किटं, वेफर्स. पप्पा आले की पेंगत पेंगत त्यांच्या ताटात हजर. सकाळी पोटात जागाच नसायची, मग तशीच शाळेत.

मी ओरडून ओरडून थकले. नवरा म्हणायचा, "तेवढीच भेटते गो मला."

पोरगी अंगाने भरत चालली. सासूबाई खूश. "बाळसं हाय, नजर नको लावू." आठ वर्षांच्या मुलीला कसलं आलंय बाळसं! मग एक दिवस शाळेत प्रार्थनेला उभी असताना तिला चक्कर आली आणि माझं धाबं दणाणलं. आम्ही दोघं तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वजन केलं, तर वयाच्या मानाने बरंच जास्त.

"एवढी भरलेली, मग चक्कर कशी?" मी विचारलं.

"जेवते किती वाजता?"

"हे कुठल्या शिफ्टला आहेत त्यावर," मी बोलून गेले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हिलाही कंपनीत लावलंय का?"

नवऱ्याची मान खाली गेली. बाईंनी मग नीट समजावलं. रात्री उशिरा पोटभर, सकाळी उपाशी, मधे सटरफटर. अशाने वजन वाढतं, वर अंगात त्राणही राहत नाही. उपाशी ठेवू नका, वेळा बांधा. सकाळी खाऊन शाळेत, रात्रीचं जेवण साडेसातला.

त्याच आठवड्यात सेकंड शिफ्ट लागली. साडेसातला मी ताट मांडलं. पोरगी रडली नाही, भांडली नाही, ताटासमोर नुसती बसून राहिली. "मग पप्पा एकटेच जेवणार?"

तोड काढली नवऱ्यानेच. तोवर तो सेकंडला डबा न्यायचा नाही, चहावर वेळ काढायचा आणि घरी येऊन लेकीबरोबर जेवायचा. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मला डबा दे." मग लेकीला म्हणाला, "साडेसातला मी तिकडं डबा उघडणार, तू इकडं ताट घ्यायचं. एकत्रच झालं ना, व्हय की नाय?" तिने विचार केला आणि अट घातली, भाजी दोघांना एकच पाहिजे.

तेव्हापासून वालाची उसळ असो की सुकट, डब्यात तेच आणि ताटात तेच. सासूबाईही साडेसातला तिच्याशेजारी बसतात. लेकच जेवतोय म्हटल्यावर नियम कुठं मोडला, असं त्यांचं म्हणणं. थर्ड शिफ्ट असली की नवरा सकाळी येऊन तिच्याबरोबर न्याहारी करतो. काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा मोजलं. उंची वाढली होती, वजन तिथेच होतं. चक्कर पुन्हा आली नाही. सकाळी आता स्वतःहून भाकरी मागते. मी सुखात आहे, उगाच नाही म्हणणार नाही.

परवा सकाळी डबा घासायला घेतला, तर भाकरी जशीच्या तशी. फक्त एका कडेचा एक घास तोडलेला. माझा पारा चढला. झोपलेल्या नवऱ्याला हलवून विचारलं, "हे काय?"

"प्लांटमधे गडबड झाली गो. साडेसातला एक घास खाल्ला नि पळालो."

"मग नंतर खायचं."

"नंतर भूक मेली." त्याने एक डोळा उघडला. "तिनं विचारलं तर सांग, पप्पा साडेसातलाच जेवायला बसले. खोटं नाय ते."

आत पोरगी चहात भाकरी बुडवून खात होती. मी त्याच्यासाठी तव्यावर दुसरी टाकली.