खाली ऊस होता

चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग विट्याच्या पुढच्या माळावर होती. मी सिग्नल्सचा नाईक. एक तंबू, एक वायरलेस सेट, दगड वेचून साफ केलेली धावपट्टी आणि मी. अडल्यानडल्या विमानानं उतरावं, एवढ्यासाठी ती पट्टी. लोक म्हणायचे, बर्मात गेला असतास तर मेडल मिळालं असतं. असेल की! पण तिथं बोलायला माणसं तरी होती. माझ्या माळावर दिवसाकाठी एखादा धनगर दिसला तर दिसला.

सकाळी सातला सेट चालू करायचा, वारा कळवायचा, मग पश्चिमेच्या कड्यावर जाऊन उभं राहायचं. लांब खाली कृष्णाकाठ. उसाच्या पट्ट्यात गुऱ्हाळं लागलेली असायची. रस आटवायच्या चुलवाणांचे पांढरे धूर बघत बसायचो. डावीकडून तिसरा आमच्या वस्तीवरचा. तो दिसला की जिवाला बरं वाटायचं.

दर गुरुवारी डाकेचं छोटं विमान यायचं. पायलट पेंडसे साहेब, वाईचे. दहा मिनिटं थांबायचे, माझ्या मगातला चहा प्यायचे. आठवड्यातलं पोटभर बोलणं तेवढंच.

"मोहिते, अजून गुळाचा खडा नाही दिलास. कसला रे बागायतदार तू?"

"सर, पुढच्या गुरुवारी ढेपच देतो."

घरी सांगावा धाडला. भावानं बुधवारी ढेप पोचती केली.

रात्रीपासून अवकाळी पाऊस लागला. सकाळी ढग माळाला टेकलेले. आठ वाजून दहा मिनिटांनी सेटवर साहेब आले.

"पुण्यात उतरता आलं नाही. माघारी फिरलोय. पेट्रोल जेमतेम बारा-पंधरा मिनिटांचं. तुझी पट्टी दिसत नाही. ओव्हर."

स्मोक कँडल संपल्या होत्या. दोनदा मागणीचं इंडेंट पाठवलं होतं, कोण बघतंय? ओलं गवत गोळा केलं, रॉकेल ओतून पेटवलं. पांढरा, दाट धूर उठला.

"सर, धूर केलाय. पांढऱ्या धुरावर या. ओव्हर."

हे शब्द माझे. कुणी शिकवले नव्हते.

आठ सतरा. "ढगात फट सापडली. धूर दिसतोय. शाब्बास मोहिते! चहा ठेव. ओव्हर."

मी खरंच चहा ठेवला. ढेप पेटीवर काढून ठेवली. इंजिनाचा आवाज काही येईना.

आठ बावीस. "मोहिते, पट्टी कुठं आहे? खाली ऊस आहे. सगळा ऊस."

माझ्या माळावर ऊस! कुसळाशिवाय तिथं काही उगवत नव्हतं. रोज सकाळी डोळे भरून बघायचो ते धूर मीच विसरलो होतो. साहेब गुऱ्हाळाच्या धुरावर खाली गेले होते.

"सर, चुकीचा धूर! वर चढा, पूर्वेला या!" ओव्हर म्हणायचं राहिलं.

"चढतो," एवढंच आलं. मग काही नाही. नऊपर्यंत मी बोलावत होतो.

सेट सोडून जायचा हुकूम नव्हता. दुसऱ्या दिवशी बदली माणूस आला, तेव्हा खाली उतरलो. तिथल्या गुऱ्हाळावर गूळ करणाऱ्या गुळव्यानं जागा दाखवली.

"आवं, इमान लय खाली आलं. आवाजच न्हवता. आमी समदी रसाच्या काहिलीपाशी. त्यानं ते वळीवलं अन् बांधावरच्या चिंचेवर घातलं. न्हाईतर आमी कुठं ऱ्हातुया?"

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत ठरलं: खराब हवामान, अपुरं इंधन. मला एकच प्रश्न.

"धूर केला होता?"

"यस सर."

तसलेच धूर खाली गावोगाव होते, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. भ्यालो होतो, दुसरं काय! तंबूमागं ट्रकचं जुनं टायर पडलं होतं. ते जाळलं असतं तर धूर काळा झाला असता.

लढाई संपल्यावर घरी आलो, गुऱ्हाळ हाती घेतलं. ढगाळ सकाळी मी चुलवाण पेटवू देत नाही. आमचा गुळव्या करवादतो, "आवं आबा, रस आंबतुया! आता कुठलं इमान येतंय?"

"थांब जरा," म्हणतो. बाहेर जाऊन आभाळाकडे कान देतो. मगच पेटव म्हणतो.

हंगामाच्या पहिल्या ढेपेतला खडा मी त्या चिंचेखाली नेऊन ठेवतो. मुंगळे खातात, ठाऊक आहे मला. पण साहेबांना गुरुवारी देतो म्हटलं होतं.