एकोणऐंशी म्हणणारा स्पीकर

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. बाबा युनियनचे, मी अक्षरं शिकले तीच त्यांच्या पत्रकांवरून. भिलाईतल्या कॅम्प-१ वस्तीत एका चमत्कारी महाराजाच्या मांडवाबाहेर पत्रकं वाटून मी शिव्याही खाल्ल्या आहेत. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघड होतंय...

भिलाईत सेक्टर १० ला आमच्या विदर्भातल्या मंडळींचा एक धर्मादाय दवाखाना आहे. माझी आत्या तिथे रिसेप्शनला होती. टोकनचे नंबर तिच्याच आवाजात रेकॉर्ड केलेले, आधी हिंदीत, मग मराठीत. आम्ही भिलाईची पोरं आकडे हिंदीतच बोलतो, म्हणून तिला चिडवायचो. ती म्हणायची, "तुमाले मराठी आकडे येत नाहीत, त्यात माझी काय चूक?"

मग घशाचा कॅन्सर. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. आत्या आता पाटीवर लिहून बोलते. आणि आमच्या घरात फोटो ढीगभर, पण तिच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग नाही. होतं ते फक्त दवाखान्याच्या सर्व्हरमध्ये, आणि तो पॉवर सप्लाय जळून बंद पडलेला. दवाखान्यात आता ॲप आलं होतं, सर्व्हर भंगारात निघाला होता. मी भांडून तो थांबवला.

डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तर काही दिसेना. ती त्याच मशीनवर वाचता येणारी होती. म्हणजे नवा पॉवर सप्लाय हवा, आणि त्यासाठी नेमकं मॉडेल. पण लेबल घासून गेलेलं. कंपनीने ती मालिकाच बंद केलेली, वेबसाइटवरून माहितीसुद्धा पुसलेली... जणू या मशीनवर कुणी कधी कामच केलं नव्हतं! जुन्या फोरमवर, कुणी कुणी जपून ठेवलेल्या मॅन्युअलमध्ये शोधत शोधत दोन मॉडेलं उरली. एकाच्या शेवटी ७९, दुसऱ्याच्या ८९. डबा तोच, पंखे तेच, प्लगही तोच. फक्त प्लगमधल्या तारांची जागा वेगळी. चुकीचा सप्लाय लावला की बोर्ड आणि डिस्क, दोन्ही खलास.

सर्व्हर बसवणारे वर्मा अंकल आता दुर्गला असतात. त्यांना फोन केला. खरखरीत ऐकू आलं ते उनासी, म्हणजे ७९, होतं की नवासी, म्हणजे ८९, मला कळेना. हिंदीतल्या या दोन आकड्यांत आमच्या घरात सगळेच घसरतात. पुन्हा विचारलं, तर अंकल स्वतःच गडबडले. "बेटा, शायद नवासी... नवासी ही होगा."

बाबा म्हणाले, "कावून त्या डब्याच्या मागं लागली तू? आत्या काही मागून राहिली का?" आत्याने मागितलं नव्हतं, खरं. पण सर्व्हरचा विषय निघाला की तिचा हात गळ्याकडे जायचा.

हथखोजच्या एका भंगारवाल्याकडून मी दोन्ही सप्लाय आणले. रविवारी दुपारी दवाखाना रिकामा होता. आत्या जेवणाचा डबा घेऊन आली, समोर बसली. मी अंकलवर भरवसा ठेवून ८९ चा सप्लाय उचलला. सर्व्हर उघडा पडलेला, भिंतीवरच्या स्पीकरची सुटलेली वायर माझ्या पायाशी.

आणि स्पीकर बोलला. आत्याच्या आवाजात, स्वच्छ, सावकाश —

"एकोणऐंशी."

मी आत्याकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. ती स्पीकरकडे बघत होती, पण घाबरलेली अजिबात नव्हती.

हातातला सप्लाय खाली ठेवून मी दुसरा लावला. पंखे फिरले. मशीन सुरू झालं. वायर जोडली, पहिली मराठी फाइल लावली. "टोकन नंबर एक, कृपया आत यावे." आत्या उठून स्पीकरखाली गेली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. मी एकामागून एक लावत गेले. ती रडत होती आणि हसतही होती.

पन्नासनंतर फाइलच नव्हती.

मी तिला विचारलं, पुढचे कुठे गेले? तिने पाटीवर लिहिलं: "पुढचे मी वाचलेच नाहीत. टोकन पन्नासच होते."

कुणी म्हणेल, स्पीकरने रेडिओ पकडला. मीही तसंच म्हटलं असतं. पण आत्याचा आवाज? तोच आकडा? मराठीत? नसलेलं उत्तर मी बनवून सांगणार नाही.

पाटी पुसण्याआधी आत्याने खाली आणखी एक ओळ लिहिली:

"पण उच्चार बरोबर होता."