नाकाखालचं बोट

झोपेला घाबरणारं माणूस मी एकच पाहिलं, दुबलगुंडी गावच्या अक्का; सगळे त्यांना 'जागी अक्का' म्हणत. निजामाच्या राजवटीत मी त्या गावात सून म्हणून गेले. शेजारच्या या विधवा बाई भिंतीला पाठ टेकून बसल्या बसल्याच डुलकी घेत, ते पाहून मला हसू यायचं. सासूबाईंनी कारण सांगितलं आणि माझं हसू मावळलं. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत तापाने फणफणलेले अक्कांचे नवरा आणि मुलगा झोपले, ते उठलेच नाहीत.

तेव्हापासून कुणाच्या घरी ताप आला की अक्का न बोलावता हजर. उशाशी बसायच्या आणि आजाऱ्याचा डोळा लागला की कानाशी पितळी ताट वाजवायच्या. "झोपंतच नेतंय ते," म्हणायच्या. मानमोडी पाहिलेल्या गावात त्यांना अडवायची कुणाची छाती नव्हती.

पुढे पुन्हा साथ आली आणि माझी तान्ही मुलगी तापली. अक्कांनी ताट घेऊन ठाण मांडलं. पोर पेंगली की ताट वाजे, ती दचकून रडे. रडून रडून तिचा आवाज बसला, दूध ओढायचंही त्राण उरलं नाही. ती आता हातची जाते, या धास्तीने मी ताट हिसकावून घेतलं.

"कामून झोपवायलीस गं? पोरगी नको झाली व्हय?"

"झोपू द्या तिला, अक्का. श्वास मी बघायलेय की."

मी मुलीच्या नाकाखाली बोट धरलं. अक्कांनी शेजारी आपलं बोट आणलं. उजाडताना मुलीने डोळे उघडले आणि ती दूध शोधू लागली. अक्का पदरात तोंड खुपसून रडल्या.

त्याच तापाने मग अक्कांना गाठलं. वर्षानुवर्षं जागून अंगात काही उरलंच नव्हतं, तरी डोळे ताणून बसलेल्या.

"अक्का, पडा जरा. मी बोट धरलंय."

"सोडशील."

"न्हाई सोडत."

त्या आडव्या झालेल्या मी प्रथमच पाहिल्या. बोटाला गरम श्वास लागत होता. दुपार कलता कलता तो लागेनासा झाला. तरी मी बोट काढलं नाही, सासूबाईंनी येऊन माझा हात बाजूला केला.

जागरणाने शरीर खचतं, तापाशी झुंजायला झोपच लागते, असं पुढे डॉक्टरांनी सांगितलं. मला ते पटतं. नातवंडांना ताप आला की मीच त्यांना थोपटून निजवते. पण मग बोट नाकाखाली जातं, आणि ती उठेपर्यंत माझा डोळा लागत नाही.