बुधवारचा स्क्रू

आमच्या घरात औषधं मी भरते. त्यामुळे सासऱ्यांनी स्क्रू गिळला असेल, तर तो माझ्याच हातचा होता, हे मला मान्य आहे.

सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, कीर्तन ऐकायचा स्पीकर माझ्या जावेने, वृषालीने दिलेला. ती रोह्याला, अष्टमी गावात राहते. अप्पा अर्धं वर्ष तिच्याकडे असतात, अर्धं आमच्याकडे पेणला, रामवाडीत. तिकडे त्यांना भेटवस्तू मिळतात, इकडे पथ्य. लाडकी सून कोण, हे मी सांगणार नाही. (सगळ्यांना माहीतच आहे.)

या खेपेला अप्पा आले आणि स्पीकरची बॅटरी गेली. कीर्तनकारबुवा ऐन रंगात येऊन गप्प व्हायचे. अप्पा आधी स्पीकरकडे बघायचे, मग माझ्याकडे.

"अष्टमीला चांगला चालायचा."

"तेव्हा नवा होता, अप्पा."

"असेल बाबा."

त्या 'असेल बाबा'चं उत्तर म्हणून मी बॅटरी बदलायला घेतली. माझे यजमान रोह्याला कंपनीत शिफ्टला जातात, त्यांनी तिथूनच नवी बॅटरी आणली. "दुकानवाला बसवून देतो म्हणत होता," ते म्हणाले. मी म्हटलं, मी व्हिडिओ बघितलाय. यावर ते नेहमीप्रमाणे आंघोळीला गेले.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून स्पीकर उघडला. आतली बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली. व्हिडिओतला माणूस बजावत होता, स्क्रू ज्या क्रमाने काढाल त्याच क्रमाने ठेवा. मला कोणी क्रम सांगितला की बरं वाटतं. अप्पांचा गोळ्यांचा जुना डबा कपाटात होता, वारांचे कप्पे असलेला. पहिला स्क्रू सोमवारी, दुसरा मंगळवारी, तिसरा बुधवारी. इतकी सुरेख व्यवस्था लावून मी स्वतःवरच खूष झाले आणि दारात मासळीवाली आली.

"वयनी, बोंबील बघ गो, आत्ताच आणलेत."

मी बोंबील निवडून आत आले, तर बुधवार रिकामा!

अप्पा खुर्चीत बसून तोंड पुसत होते. समोर रिकामा पेला. नवा डबा फ्रीजवर होता, त्यात बुधवारची गोळी जशीच्या तशी.

"अप्पा, गोळी घेतलीत?"

"घेतली."

"कुठल्या डब्यातली?"

"तू टेबलावर ठेवलेल्या डब्यातली."

आता, गोळ्यांचा नियम माझाच आहे. कप्पा उघडायचा, हातावर काढायचं, तोंडात टाकायचं, पाणी प्यायचं. अमुक कशाची, तमुक कशाला, असे प्रश्न नाहीत. (एकदा प्रश्न सुरू झाले की गोळी दुपारवर जाते.)

मी यजमानांना फोन लावला. मशिनच्या आवाजात ते ओरडले, "बॅटरी तर नाही ना गिळली?" त्यांनी घाबरून भावाला कळवलं, भावाने बायकोला, आणि मी चपला घालेपर्यंत वृषालीचा फोन.

"वहिनी, अप्पांनी स्पीकर खाल्ला?"

"स्क्रू, गं."

"अहो पण त्यांच्या हाताला लागेल असा ठेवायचा कशाला? इकडे असताना कधी असं झालं नाही हो."

मासळीवाली अजून पायरीवरच होती. तिने टोपली डोक्यावर घेता घेता सल्ला दिला, "केळी खायला दे गो म्हाताऱ्याला. उद्या येतो बाहेर." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. सकाळपासून तेवढं एकच वाक्य तसं होतं.

रिक्षात अप्पा हात छातीशी धरून बसले होते. मला वाटलं, दुखतंय. या माणसाची साखर, दाब, पाणी, सगळं मी सांभाळलं, आणि शेवटी यांना काही झालंच तर ते माझ्या टापटिपीने होणार होतं.

दवाखान्यात एक्स-रे काढायला त्यांनी सदरा उतरवला, बंडी राहिली. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. पोटात काही नव्हतं. स्क्रू डाव्या बरगडीवर होता, अगदी स्पष्ट, आट्यांसकट.

"इथे कसा गेला?" डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी अप्पांच्या बंडीकडे पाहिलं. "आजोबा, आतल्या खिशात काय आहे?"

अप्पांनी रुमाल काढला. रुमालाच्या गाठीत बुधवार.

"अप्पा! घेतली म्हणालात ना?"

"तोंडात घेतली. कडक लागली. म्हटलं नवी असेल. गिळवेना, म्हणून काढून ठेवली."

"मग तेव्हाच सांगायचं ना."

अप्पा डॉक्टरांकडे बघत म्हणाले, "नाही घेतली म्हटलं, की ही बोलते."

डॉक्टरांनी फिल्म पाकिटात घालायला फार वेळ लावला.

घरी येऊन मी बॅटरी बसवली. मंगळवार, सोमवार, सगळे आपापल्या जागी. बुधवारचा स्क्रू धुऊन लावला. स्पीकर खणखणीत वाजला. अप्पांचा चेहरा उजळला, आणि त्यांनी लगेच फोन मागितला. अष्टमीला.

"वृषाली, तुझा स्पीकर काय मस्त चालतोय गं!"

मी फ्रीजवर नवा नियम चिकटवला, ठळक अक्षरात : गोळ्यांबद्दल शंका असल्यास विचारावे. अप्पांनी चष्मा लावून तो पुन्हा पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाले, "विचारायचं ते कधी विचारायचं?"

"सकाळी, चहानंतर," मी म्हणाले. "आणि एकच."